दिस बुडायच्या आत

काय खाता, या प्रश्नाची मी पुरती तयारी करून गेलो होतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझ्या यकृतावर चरबी निघाली होती, तीन महिन्यांची साखर उंबरठ्याशी येऊन उभी होती, आणि पोटाचं तर विचारूच नका. दुपारी जेवलेलं रात्रीपर्यंत फुगत राहायचं आणि सकाळी करपट ढेकरा. रियाधच्या अल मलाझ भागातल्या आमच्या बिल्डिंगजवळ एक पॉलिक्लिनिक आहे, तिथे एक मल्याळी डॉक्टरीणबाई बसतात. त्यांना सांगायला मी ओट्स, सॅलड, भिजवलेले बदाम अशी यादी मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं निम्मं खोटं होतं. बाईंनी रिपोर्ट पुढूनमागून पाहिला आणि विचारलं, "रात का खाना कितने बजे?"

मी जरा चाचरलो. "नौ. साडे नौ."

"और सोता कब है?"

"ग्यारा."

"पेट का भी ड्यूटी टाइम होता है," बाई म्हणाल्या. "उसको रोज नाइट शिफ्ट क्यों देता है?" त्यांचं हिंदी असंच आहे, लहानथोर सगळ्यांना एकेरी. पुढे त्यांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, की ही गोळी आग विझवेल, पण रोज आग लावणारा तूच आहेस. सात वाजायच्या आत जेव, जेवल्यावर चाल, आणि तीन महिन्यांनी परत ये.

मला तिथेच हसू आलं, आणि लाजही वाटली. आमचं घर शिरोळ तालुक्यातलं, जैनांचं. आमच्याकडे दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. लहानपणी संध्याकाळी खेळता खेळता आई हाक मारायची, "दिस बुडाया लागला, या रं!" आणि आम्ही मातीचे हातपाय धुऊन पानावर बसायचो. उशीर झाला तर उपाशी झोपायचं, त्यावर वाद नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या काट्यावर होते. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग हलायची नाही, पण पाच-साडेपाचला अर्धा तास ते काटा जोडीदाराच्या हवाली करायचे. आई घरून डबा घेऊन चालत यायची. त्यात दोघांचं जेवण असायचं. कारखान्याच्या कुंपणाशी बैलांच्या आणि गाडीवानांच्या गर्दीत बसून दोघं जेवायची, आणि सूर्य जायच्या आत आई डबा घासून घरी निघालेली असायची. त्या घरातून मी इंजिनिअरिंगला गेलो आणि हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात रात्री नऊला मिसळ खाल्ली. आमच्या सात पिढ्यांत रात्री जेवणारा पहिला मी.

तर उशिरा जेवायचं कारण ऑफिस नव्हतं. ते मी सगळ्यांना सांगायचो, बायकोलाही सांगायचो, पण खरं नव्हतं. रियाधमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअरची कामं बघतो मी, आणि पाच वाजता तिथून उठता येतं. पण मुलगी अकरावीला गेली, बायको तिला घेऊन पुण्याला राहायला गेली, आणि दोन बेडरूमच्या त्या घरात मी एकटा उरलो. कुलूप उघडलं की आत कालचीच हवा. मग मी 'ट्रॅफिक ओसरू दे' म्हणून ऑफिसातच रेंगाळायचो. सहाला कडक चहा आणि सामोसा, सातला कुणाबरोबर तरी शावरम्याच्या दुकानाशी जाऊन नुसतं चीझ भरलेलं सँडविच, आणि घरी पोचल्यावर पुन्हा भात. तोही ओट्यापाशी उभ्यानं, कुकरमधूनच, एका हातात फोन धरून. ताट घ्यायचं म्हणजे ते घासायचं आलं.

तीन महिने बाईंनी सांगितलेलं मी पाळलं असं म्हणता येणार नाही. गोळी तेवढी घेतली.

आईला जाऊन वर्ष झालं आणि मी अण्णांना भेटीच्या व्हिसावर बोलावून घेतलं. एकटे गावात काय करतील, या विचारानं मी त्यांना बोलावलं आणि पोरगा एकटा तिथे काय करतो, या विचारानं ते आले. डिसेंबरचा शेवट होता. बॅगेत पाच किलो ज्वारीचं पीठ, मुगाची डाळ, आईच्या हातचं जुनं मेतकूट आणि स्वतःसाठी एक पितळी तांब्या. बाहत्तराव्या वर्षी पहिलं विमान. उतरल्यावर म्हणाले, "लई थंडी हाय की रं इथं. मला वाटलं वाळवंट म्हंजे भट्टी असंल."

मी त्यांच्यासाठी सगळी व्यवस्था लावली होती. पाचला त्यांनी जेवून घ्यावं म्हणून सकाळीच भाजी करून ठेवली, घड्याळाखाली कागदावर सूर्यास्ताची वेळ लिहून चिकटवली. पहिल्या दिवशी मी साडेआठला घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर दोन ताटं मांडलेली. भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या. अण्णा खुर्चीत ताठ बसून दाराकडे बघत होते.

"आलास व्हय? हातपाय धू."

"अण्णा, तुम्ही जेवलाय न्हवं?"

"न्हाई अजून."

"अहो, दिस बुडून तीन तास झाले!"

"परमुलखात सूट असती," अण्णा म्हणाले आणि माझ्या ताटात भाकरी मोडून ठेवली. "बस की. निवतंय."

मी विश्वास ठेवला. आता विचार केला तर कळतं, तो विश्वास नव्हता, ती माझी सोय होती. कारखान्याच्या काट्यावर, मिरजेच्या दवाखान्यात आईच्या उशाशी, लग्नाच्या वरातीत, कुठेही ज्या माणसानं सूट घेतली नाही, त्याला रियाधमध्ये कुणी सूट दिली, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला बरं वाटत होतं. कुलूप उघडावं लागत नव्हतं. दार वाजवलं की आतून "आलो आलो" येत होतं. टेबलाशी बसून, ताटात वाढून घेऊन जेवणं हे मी दीड वर्षांनी करत होतो. अण्णा दिवसभराचं सांगायचे. खालच्या दुकानातल्या बंगाली पोऱ्यानं त्यांना खुणेनं पालक कसा दाखवला, बागेत एक म्हातारा रोज सलाम करतो, नळाचं पाणी समुद्राचं आहे हे मी सांगतो ती थाप कशी आहे. "शेकडो किलोमीटरवरनं समुद्र आणून त्यातलं मीठ काढत्यात म्हणं! मग ते मीठ कुठं ठेवत्यात?" मी हसून हसून जेवायचो. आणि हे लक्षातच आलं नाही, की ते एकच भाकरी खातात आणि तीही माझ्याकडे बघत बघत, हळूहळू.

जानेवारीत त्यांचं पोट बिघडायला लागलं. मी सकाळी उठलो की ते बाल्कनीत छातीला हात लावून उभे. करपट ढेकरा. जन्मात ज्यांनी कधी चूर्ण घेतलं नाही, सकाळी पोट साफ झालं की नाही याचा ज्यांना विचारसुद्धा करावा लागला नाही, ते आता अर्धा अर्धा तास आत बसायचे. "पाण्याचा फरक," ते म्हणाले. मलाही पटलं. मी बाटलीबंद पाण्याचे दोन खोके आणले, मग दुसऱ्या कंपनीचे दोन. मग पीठ जुनं झालं असेल म्हणून नवीन आणलं. मग हीटरमुळे असेल. घरात काय काय बदलता येईल ते मी बदललं, जेवायची वेळ सोडून.

एका सकाळी त्यांना वरच्या पोटात इतकी जळजळ झाली, की त्यांनी स्वतःहून "डाक्टरला दाखवू या काय?" म्हटलं. अण्णांनी असं म्हणणं म्हणजे प्रकरण गंभीर. मी सुट्टी टाकली आणि त्याच बाईंकडे नेलं. हृदयाची पट्टी काढली, ती चांगली निघाली. रक्तातली उपाशीपोटीची साखर मात्र वाढलेली. गावाकडे दर सहा महिन्यांनी ते तपासत आणि कधी बोट दाखवायला जागा नसे.

"अंकल, खाना कब खाता है?" बाईंनी विचारलं.

"पाच बजे. शाम को," अण्णा ठणकावून म्हणाले. सवयीनं आलेलं उत्तर होतं ते. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते जमिनीकडे बघत म्हणाले, "वो पहले. अब रात को नौ."

"कब से?"

"इधर आया तबसे."

"पाच बजे का आदत कितने साल का?"

अण्णांनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "आठ साल का था, तब महाराजजी के पास नियम लिया."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चौसष्ट वर्षं ज्या पोटानं सूर्याबरोबर दुकान बंद केलं, ते आपण चार आठवडे रात्री नऊला उघडायला लावतोय, हे त्यांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत माझ्याकडे बघून सांगितलं. या वयात शरीर एवढा बदल हसत घेत नाही, म्हणाल्या. मग त्यांनी अण्णांना विचारलं, "आदत क्यों छोड़ा अंकल? भगवान से झगड़ा हुआ?"

अण्णा हसले. "नहीं. लडका खडा होके खाता था."

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बायकोनं सांगितलं होतं त्यांना, पुण्याहून विमानात बसवताना. ते एकटे ओट्यापाशी उभ्यानंच जेवतात, मामंजी, जरा बघा. एवढं एक वाक्य ऐकून या माणसानं आठव्या वर्षी घेतलेला नियम मोडला होता आणि मला त्याचा पत्ता लागू नये म्हणून सूट असते म्हणून सांगितलं होतं.

परतताना गाडीत सिग्नलला थांबल्यावर म्हणालो, "अण्णा, सूट असती म्हणून खोटं सांगितलासा मला."

"खोटं न्हवं. म्या घेतलेली सूट. पराचित्त करीन की गावाकडं गेल्यावर."

"पण कशासाठी? मी काय लहान आहे?"

अण्णांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "तुज्यासाठीच म्हणून न्हाई काय. तुजी आई गेल्यापास्नं म्या वरीसभर एकटाच जेवलो दिस बुडायच्या आत. नियम पाळला, पर घास गिळंना. हितं आलो तर वाटलं, एकट्यानं येळंवर जेवण्यापरीस दोघांनी येळ चुकवून जेवलेलं बरं."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा मला कळलं, की सिग्नल हिरवा झाला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रस्ता दिसत नव्हता, म्हणून मी गाडी बाजूला घेतली. अण्णा म्हणाले, "काय झालं? पेट्रोल संपलं व्हय?"

त्या दिवशी मी फर्मान काढलं. अण्णांनी पाचला जेवायचंच. मी सातच्या आत येऊन जेवणार आणि ते नुसते माझ्याशेजारी बसणार. जानेवारीत सूर्य सव्वापाच-साडेपाचला जायचा, त्याच्या आत घरी पोचणं मला खरंच शक्य नव्हतं. अण्णांनी मान डोलावली. मीही वेळेवर यायला लागलो. सहाचा सामोसा सुटला, चीझ सुटलं, आणि जेवल्यावर आम्ही दोघं बागेला तीन फेऱ्या मारायला लागलो. माझं पोट आठवड्याभरात हलकं झालं. मी खूश होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी फ्रीजमध्ये दही शोधताना मागच्या बाजूला फडक्यात बांधलेलं काहीतरी लागलं. भाकऱ्या. सात-आठ. रोजच्या दोनदोन.

मी ओरडलो. मला राग येतो तेव्हा आवाज आवरत नाही, हा आईकडून आलेला गुण. "पाचला जेवत नाही, रात्री जेवायला मी बंदी केली, मग तुम्ही जेवता कधी? दुपारच्या एका जेवणावर आहात? तुम्हाला काय झालं तर मी काय करू इथे?"

अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. लेंग्याची नाडी किती आवळावी लागत होती ते मला त्या दिवशी दिसलं. "बसतो की रं पानावर," ते म्हणाले. "पाचाला बसतो. पर समूर कुणी नसलं की न्हाई जात घास. मी काय मुद्दाम करालोय?"

मी दुसऱ्या दिवसापासून पाचला फोन लावून "जेवा, जेवा" म्हणायला लागलो. ते फोनवर "व्हय, बसलो" म्हणायचे आणि मी मीटिंगमध्ये परत जायचो. निम्मी भाकरी जायची, निम्मी राहायची. वजनाच्या काट्यावर आयुष्य काढलेला माणूस माझ्यासमोर किलोकिलोनं कमी होत होता.

मग रमजान आला. चंद्र दिसल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवसापासून ऑफिस दहा ते चार झालं. एकाच दिवसात साऱ्या शहराचं जेवणाचं घड्याळ बदलतं इथे. मी पावणेपाचला घरी पोचलो. सूर्यास्त पावणेसहाला. अण्णा बाल्कनीत पाठमोरे उभे होते. मी म्हणालो, "अण्णा, ताटं घ्या. दिस हाय अजून."

ते वळले आणि आधी घड्याळाकडे, मग माझ्याकडे आणि मग पश्चिमेला बघितलं. चेहऱ्यावर असं काही आलं, की मी बूट काढायचं निमित्त करून खाली वाकलो. त्या दिवशी अण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर मुगाचं वरण, वर ताक. जेवण संपवून हात धुतले आणि पाच मिनिटांत मशिदीतून अजान झाली. आमचं जेवण उरकायची आणि गावाचं सुरू व्हायची घटका एकच होती. अण्णांना याची फार गंमत वाटली. "म्हंजे साऱ्या गावात आपुन दोघंच उलटं!"

पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली आणि फोडणी बंद केली. आमच्या समोरच्या दारात एक दापोलीकडचे गृहस्थ राहतात. बाजारात त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. नवराबायको दोघंच. "त्यांचा दिसभर उपास," अण्णा म्हणाले, "आणि जिन्यात आपल्या जिऱ्यामोहरीचा वास? माणूस हाय का कोण?" महिनाभर आमच्या घरात बिनफोडणीचं जेवण झालं. शिजवलेला दुधी, वाफवलेला पालक, मीठ घातलेलं मुगाचं पाणी, ताक. माझ्या पोटानं एवढे लाड जन्मात पाहिले नव्हते.

अजान झाली की समोरून ताटली यायची. खजूर, कापलेली फळं. अण्णा दोन्ही हातांनी घ्यायचे, आशीर्वाद द्यायचे, आणि ताटली झाकून ठेवायचे. सकाळी सूर्य उगवला की पहिलं ते खायचे आणि ताटली घासून परत द्यायचे. चार-पाच दिवस असं झालं. मग एकदा जिन्यात त्या शेजाऱ्यांनी मला थांबवलं. चेहरा उतरलेला. "भाऊ, एक विचारू काय? रागावू नका. काल मी ताटली द्यायला आलो तर अण्णांनी तशीच झाकून ठेवली, बघितला मी. आमच्या हातचा चालत नाय काय त्यांना?"

मी कपाळावर हात मारला. सगळं सांगितलं. दिवस मावळल्यावर ते तोंडात काही घालत नाहीत आणि सकाळी सगळ्यात आधी तुमचंच खातात, हे ऐकून त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग असा सांगायचा ना!" म्हणाले. "कांदालसूण पण नाय ना खात?"

दुसऱ्या दिवशी पाचला दारावरची बेल वाजली. शेजारी उभे होते. ओठ सुकलेले, आवाज बसलेला, आणि हातात वाफाळत्या घावण्यांची ताटली, सोबत वाटीत नारळाचं दूध. "अण्णा, घ्या गरम गरम. तवा नवा काढला घरवालीनी. अंडामटण काय लागलेला नाय त्याला. गूळ बेतानं घातलाय, भाऊ बोलले तुमचा शुगरचा."

अण्णा पुढे आले. "अवो, तुमी उपाशी, आणि आमाला वाढताय?"

"आमचा टाइम येईलच की घंटाभरानं," ते हसून म्हणाले. "तुमचा निघून जाईल ना."

अण्णांनी त्यांचा हात धरून ठेवला. बारा तास पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस दुसऱ्याची जेवणाची वेळ चुकू नये म्हणून ताटली घेऊन उभा राहिला होता. मी मागे उभा राहून बघत होतो, आणि मला माझ्या सगळ्या मीटिंगांची लाज वाटली. त्यानंतर रोज देवघेव झाली. पाचला समोरून काहीतरी यायचं, आणि अजानच्या पाच मिनिटं आधी अण्णा हात धुऊन, धुतलेला लेंगा घालून एका ताटलीत भाकरी आणि ताकाचा पितळी तांब्या समोरच्या दाराशी ठेवून यायचे. उपासावर ताक चांगलं, पोटाला थंड, असं त्यांचं म्हणणं.

महिना संपताना आम्ही दोघं बाईंकडे गेलो. अण्णांची साखर जागेवर आली होती, जळजळ गेली होती, लेंग्याची नाडी सैल करावी लागली होती. माझीही साखर उंबरठ्यावरून एक पायरी मागे सरकली होती. बाई म्हणाल्या, "कौन सा दवा लिया?" अण्णा म्हणाले, "रमजान."

ईद झाली आणि दोनच दिवसांनी त्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर त्यांनी मला बजावलं, की उभ्यानं खायचं नाही. मी त्यांना बजावलं, की भाकरी ठेवायची नाही. गल्लीतल्या एका मावशी दुपारी त्यांची भाकरी करून देणार होत्या. "जेवीन की," ते म्हणाले. "तू नगं काळजी करू."

मी आता ऑफिसात दोन डबे नेतो. दुसरा पाच-साडेपाचला, माझ्या टेबलाशी, बसून. रोज रात्री मी फोन करून विचारायचो, "अण्णा, जेवलासा?" आणि ते म्हणायचे, "व्हय तर." ते ऐकून मी झोपायचो.

ते गेल्यावर आठवडा झाला असेल. दुपारी पावणेचारची मीटिंग सुरू होती, मोठ्या साहेबांची, आणि मला एकदम आठवलं, की तिकडे आता सव्वासहा झालेत. सूर्य बुडायला अर्धा तास. का कोण जाणे, मी टेबलाखालून व्हिडिओ कॉल लावला. अण्णा सोप्यात, दारासमोर बसलेले. पुढ्यात ताट. ताटावर दुसरं ताट उपडं घातलेलं.

मी मीटिंगमधून उठलो. साहेबांना म्हणालो, घरून फोन आहे, आणि खोटं काहीच नव्हतं त्यात. पॅन्ट्रीत जाऊन दार लावलं.

"अण्णा, झाकून का ठेवलंय?"

"बसतोयच." मग फोनकडे वाकून, "तू कुठं हाईस?"

"ऑफिसात."

"मग तू कर तुजं काम. मी बगतो मागनं."

मागनं म्हणजे काय, ते मला आता ठाऊक होतं. मी फोन चहाच्या मशीनला टेकवून उभा केला. संध्याकाळचा डबा काढला, खुर्ची ओढली आणि बसलो. झाकण उघडलं. गवारीची भाजी, दोन चपात्या, थर्मासमध्ये ताक. पावणेचारला भूक कसली लागते, पण मी चपातीचा तुकडा मोडला आणि भाजी लावून तोंडात घातला.

अण्णांनी वरचं ताट काढलं. भाकरीवर हात ठेवला, आणि मान वळवून दाराबाहेर, उसाच्या शेतांकडे बघितलं.

"हाय अजून दिस थोडा," ते म्हणाले, आणि पहिला घास घेतला.